चक्रावात सरकला, आता पुढच्या तीन रात्री: खानदेशातल्या थंडीचा अंदाज कसा बांधावा

पश्चिमी चक्रावाताने, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीने, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकला की दोन दिवसांनी खानदेशात गारठा वाढणार, एवढं आता सगळ्यांना पाठ झालं आहे. पण केळीच्या बागेत घड निसवत असलेल्या माणसाला किंवा रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्याला तेवढं पुरत नाही. नेमकी कोणती रात्र सगळ्यात थंड, आपल्या शिवारात पारा कुठवर उतरेल आणि परत कधी चढेल, हे त्याला हवं असतं. तीन दिवसांपुरतं हे घरबसल्या बऱ्यापैकी सांगता येतं. त्यासाठी चार गोष्टी बघायच्या: वाऱ्याची दिशा, हवेतली ओल, आभाळ, आणि रात्री वारा पडतो की चालू राहतो. चौथ्या गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष नसतं आणि अंदाज तिथेच फसतो. ज्या दिवशी वारा झोंबतो त्या रात्री पारा तळ गाठत नाही. वारा पडतो त्या रात्री गाठतो, आणि ती बहुधा दुसरी किंवा तिसरी रात्र असते.

आधी ठरवा: हा चक्रावात आपला आहे का?

हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा पश्चिमी चक्रावात उत्तर भारतावरून सरकतात. त्यातले बरेचसे हिमालयाला घासून निघून जातात आणि खानदेशाला त्यांचा पत्ताही लागत नाही. कोणता आपल्यापर्यंत पोचणार, हे हवामान खात्याच्या रोजच्या राष्ट्रीय बुलेटिनमधल्या एका ओळीवरून कळतं. त्या ओळीत ५.८ किलोमीटर उंचीवरच्या पश्चिमी वाऱ्यांतली द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) अमुक रेखांशावर आणि तमुक अक्षांशाच्या उत्तरेला आहे, असं दिलेलं असतं. यातला अक्षांश महत्त्वाचा. खानदेश साधारण २०.३ ते २२ अंश उत्तरेत येतो. द्रोणी ‘२८ अंशांच्या उत्तरेस’ असेल तर फार आशा किंवा भीती बाळगू नका. ‘२० किंवा २२ अंशांच्या उत्तरेस’ असं आलं की तिचं शेपूट आपल्यावरून जाणार.

रेखांशावरून वेळ काढायची. अशी द्रोणी दिवसाला ढोबळमानाने ८ ते १० रेखांश पूर्वेला सरकते. नंदुरबार ७४ रेखांशाच्या किंचित पूर्वेला आणि भुसावळ ७६ च्या जरा अलीकडे. म्हणजे आज द्रोणी ६० वर असेल तर ती आपल्या डोक्यावर यायला दीड ते दोन दिवस लागतील. बुलेटिनमध्ये किंवा नकाशावर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा: ०० यूटीसीचा नकाशा आपल्या पहाटे साडेपाचचा असतो.

पुस्तकातली शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, नकाशावरची दातेरी निळी रेघ, खानदेशापर्यंत येईतो विरलेली असते. आपल्याला जाणवते ती तिच्या मागून येणारी उत्तरेची कोरडी हवा. ही हवा वाटेत पावलं उमटवत येते. आधी राजस्थानातल्या चुरू-सीकरचं किमान तापमान घसरतं, मग माळव्यातलं रतलाम, उज्जैन, इंदूर, त्यानंतर खंडवा आणि बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूरकडे सातपुड्यात मोकळी वाट आहे, त्यामुळे रावेर-मुक्ताईनगर पट्ट्याला चाहूल लवकर लागते. रोज सकाळी या सहा-सात ठिकाणचे आकडे आदल्या दिवसाच्या आकड्यांशेजारी लिहिले तर घसरण आपल्याकडे येते आहे की पूर्वेला विदर्भाकडे निघाली आहे, हे दोन दिवसांत स्पष्ट दिसतं.

एक खबरदारी: बुलेटिनमध्ये ‘खानदेश’ असा वेगळा विभाग नसतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात मोडतात आणि त्याच उपविभागात कोल्हापूर, सोलापूरही येतात. उपविभागाचं वाक्य वाचून निर्णय घेऊ नका, जिल्हानिहाय अंदाज उघडा. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याप्रमाणे मिळतो.

चक्रावात गेला, हे ओळखायची खूण

तो येताना वारा दक्षिण-आग्नेयेचा असतो, उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग येतात, रात्री उबदार होतात आणि सकाळी दव पडतं. तो पुढे गेला की वारा पश्चिमेकडून फिरत वायव्येला आणि मग उत्तरेला जातो. ही फिरकी झाली तो दिवस ‘शून्य दिवस’ धरा. पुढची सगळी मोजणी त्याच्यापासून.

दिशा बघताना मात्र अंगणातल्या झेंड्यावर विसंबू नका. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळा, आणि मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेलं तापीचं खोरं. त्यामुळे जमिनीलगतचा वारा खोऱ्याच्या रेषेत वळतो आणि वर उत्तरेचा वारा असतानाही खाली पूर्वेचा किंवा पश्चिमेचा भासतो. उंचावरची खूण शोधा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाती वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. त्यांचं तोंड उत्तरेकडे वळलं की काम झालं. भुसावळकडे दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर बघा. धूर दक्षिणेला ओढला जात असेल तर हवा उत्तरेची. काहीच जवळ नसेल तर ‘विंडी’सारख्या ॲपवर ८५० हेक्टोपास्कलचा (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं एकक) थर निवडा. तो साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा वारा दाखवतो आणि खोऱ्याच्या वळणाने फारसा बिघडत नाही.

हवेचा दाब हाही चांगला साक्षीदार आहे, पण तो वाचताना घोटाळा होतो. दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, आणि फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा पडतो. सकाळच्या दाबाची दुपारच्या दाबाशी तुलना केली तर चक्रावात आल्याचा भास होईल. कालच्या दहाची तुलना आजच्या दहाशीच करा. चोवीस तासांत दाब दोन-तीन हेक्टोपास्कलने चढला आणि वारा उत्तरेचा झाला, तर शून्य दिवस पक्का.

पहिली, दुसरी, तिसरी रात्र

पहिल्या रात्री वारा सुरू असतो. अंगाला थंडी वाजते, शेकोट्या पेटतात, पण वाऱ्यामुळे वरची तुलनेने गरम हवा सतत खाली ढवळली जाते आणि पारा एका मर्यादेखाली जात नाही. रात्रभर ताशी ८-१० किलोमीटरचा वारा राहिला तर शांत रात्रीपेक्षा किमान तापमान दोन-तीन अंशांनी वर राहतं. या दिवशी घसरतं ते दुपारचं तापमान: ३०-३१ वरून २६-२७ वर.

दुसऱ्या दिवशी उच्च दाबाचा पट्टा आपल्या जवळ सरकतो, सूर्यास्तानंतर वारा पडतो, आभाळ निरभ्र असतं. जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडते आणि तिच्यालगतची हवा गार होत जाते. डिसेंबर-जानेवारीत आपल्या अक्षांशावर रात्र साधारण तेरा तासांची असते, म्हणजे गार व्हायला वेळही भरपूर. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री तळ गाठला जातो तो यामुळे. तोवर दुपारची थंडी कमी झालेली असते, ऊन बरं वाटतं, लोक निर्धास्त होतात आणि नेमक्या त्याच पहाटे केळीवर चरका, म्हणजे थंडीचा फटका, पडतो.

वारा पडला की नाही, हे रात्री नऊनंतर शेकोटीच्या धुरावरून पाहता येतं. धूर घराच्या उंचीपर्यंत सरळ चढून तिथेच आडवा पसरला, पांढऱ्या चादरीसारखा तरंगत राहिला, तर खाली गार आणि वर गरम असा उलटा थर बसला आहे. धूर तुटत तुटत वाहून जात असेल तर थर अजून बसलेला नाही.

अपवाद लक्षात ठेवा. चक्रावाताने जाताना पाऊस टाकला असेल, जसा २६ नोव्हेंबर २०२३ च्या सुमारास उत्तर महाराष्ट्रात अवकाळी आणि गारपीट झाली, तर माती ओली असते आणि हवेत बाष्प असतं. अशा वेळी पहिल्या निरभ्र रात्री कडाका पडत नाही, धुई पडते. कांद्यावर करपा, द्राक्षावर भुरी-डाऊनी या रोगांची काळजी तेव्हा आधी करायची. कोरडी हवा नीट शिरल्यावर, म्हणजे आणखी एक-दोन दिवसांनी, थंडी येते. पाऊस झाला असेल तर सगळं वेळापत्रक तेवढं पुढे ढकला.

आकडा कसा काढायचा

पहिलं काम संध्याकाळी सहाला, सूर्यास्ताच्या सुमारास. सावलीतलं तापमान आणि सापेक्ष आर्द्रता मोजा आणि त्यावरून दवबिंदू तापमान काढा. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवा गार झाली की दव धरू लागतं ते तापमान. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर सोपा हिशेब आहे: १०० मधून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. त्याखाली हा हिशेब चुकतो, तिथे ॲपमधला दवबिंदूच बघा.

फरक किती पडतो ते पाहा. संध्याकाळी सहाला तापमान २२ अंश आहे. आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १४, ४५ टक्के असेल तर साडेनऊ, आणि ३० टक्के असेल तर साडेतीनच्या जरा वर. तिन्ही संध्याकाळी अंगाला सारख्याच वाटतील, पण पहाटा वेगळ्या असतील. ६० टक्क्यांच्या दिवशी पारा १४ च्या आसपास पोचला की दव धरू लागतं, दव धरताना उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. ३० टक्क्यांच्या दिवशी मध्ये अडवणारं काहीच नसतं, पारा सूर्योदयापर्यंत उतरतच राहतो. म्हणून उद्याच्या थंडीसाठी आजच्या दुपारच्या उन्हापेक्षा आजचा दवबिंदू आणि कालचा त्याच वेळचा दवबिंदू यांतला फरक पाहावा. चोवीस तासांत तो पाच-सहा अंशांनी घसरला असेल तर तयारीला लागा.

दुसरं काम रात्री सव्वानऊला. निरभ्र, शांत, कोरड्या रात्री तापमान सारख्या गतीने उतरत नाही: सुरुवातीला झपाट्याने, नंतर हळूहळू. ही घसरण ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, म्हणून रात्रीचा पहिला चतुर्थांश संपेपर्यंत एकूण घसरणीपैकी निम्मी झालेली असते. तेरा तासांच्या रात्रीचा चतुर्थांश सव्वातीन तासांचा. सहाला २२ होतं, सव्वानऊला १५ झालं, म्हणजे सात अंश उतरले. आणखी तेवढेच उतरतील असं धरलं तर पहाटेचं किमान ८ च्या जवळपास. वर काढलेला दवबिंदू याच्या बराच खाली असेल तर आकडा टिकेल. दवबिंदूच १२ असेल तर ८ विसरा, ११-१२ च्या आसपासच थांबेल. ही रीत वाऱ्याच्या किंवा ढगाळ रात्री वापरू नका.

यात करायच्या दुरुस्त्या अशा: उंचावरचे विरळ ढग असतील तर एक-दोन अंश मिळवा, दाट ढग असतील तर तीन ते पाच. शेजारची सगळी शेतं नुकतीच भिजवलेली असतील तर एखादा अंश मिळवा. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत, स्वतःच्या नोंदवहीवरून आठ-पंधरा दिवसांत ते सुधारून घ्या.

तुमच्या शिवाराचा फरक

खरी गंमत इथे आहे आणि वेळ द्यावा तो इथेच. मोबाइलवर ‘जळगाव ९°’ दिसतं तो आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, संगणकाच्या प्रारूपातून आलेला असतो, आणि ते प्रारूप नकाशावरच्या एका चौकोनाला एकच आकडा देतं. युरोपीय प्रारूपाचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, आपल्या खात्याच्या भारत फोरकास्ट सिस्टिमचा ६ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात यावलचं सपाट शिवार आणि मागचा डोंगरउतार एकत्र मिसळून सरासरी निघते. तुमचा नाला त्याला दिसत नाही.

गार हवा जड असते. ती रात्री उतारावरून ओघळत नाल्यात, नदीकाठच्या खोलगट पट्ट्यात साचते. पांझरा, गिरणा, वाघूर, अनेर यांच्या काठची खोलगट रानं आणि पंधरा-वीस मीटर उंचावरची टेकडी यांच्यात शांत रात्री दोन ते चार अंशांचा फरक सहज पडतो. गावठाणातली घरं, भिंती, रस्ते रात्री उष्णता सोडतात म्हणून गावात मोजलेला पारा मळ्यातल्यापेक्षा वर असतो. डोंगरात हाच खेळ आणखी ठळक असतो. तोरणमाळ, डाब परिसरात हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही गवतावरचे दवाचे थेंब गोठलेले दिसतात, कारण जमिनीलगतचं तापमान चार फुटांवरच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी खाली गेलेलं असतं.

म्हणून एक कमाल-किमान तापमापक घ्या. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, भिंतीपासून आणि पत्र्यापासून लांब, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा जाळीदार पांढऱ्या पेटीत लावा. पेटीचं दार उत्तरेकडे ठेवा, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. रोज सकाळी साडेआठला किमान लिहून घ्या आणि काटे परत जुळवा. हवामान खात्याची नोंदही याच वेळेची असते, त्यामुळे तुलना सरळ होते. शेजारी जवळच्या केंद्राचा आकडा लिहा: जळगाव, धुळ्याचं कृषी महाविद्यालय किंवा तुमच्या महसूल मंडळातलं ‘महावेध’चं स्वयंचलित केंद्र. निरभ्र-शांत रात्रींचा फरक वेगळा काढा आणि वाऱ्याच्या-ढगाळ रात्रींचा वेगळा. वाऱ्याच्या रात्री फरक जवळजवळ नाहीसा होतो. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर कडाक्याच्या रात्रीच ती दगा देते.

चुका होतात त्या बहुतेक मांडणीतल्या. तापमापक गच्चीवर ठेवला तर रात्री वर गरम हवा असल्याने आकडा जास्त येतो. पत्र्याखाली टांगला तर कमी, कारण पत्रा हवेपेक्षा जास्त गार होतो. आणि सकाळच्या पेपरातला ‘किमान’ आकडा बहुधा आदल्या दिवशी सकाळी नोंदवलेला असतो, त्याच दिवसाचा नव्हे. नोंदवहीत तारीख एका दिवसाने सरकली की सगळा हिशेब उलटा पडतो.

‘थंडीची लाट’ हे शब्द वापरतानाही मोजमाप पाळा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट, ६.५ किंवा जास्त कमी असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, ४ अंशांना लाट आणि २ अंशांना तीव्र लाट धरतात. जानेवारीत जळगावची किमान सरासरी बाराच्या आसपास धरली तर पारा साडेसातपर्यंत उतरल्याशिवाय लाट म्हणता येत नाही. केळीला मात्र लाटेची व्याख्या ठाऊक नसते. १६ अंशांखाली तिची वाढ मंदावते आणि १० च्या खाली रात्रींमागून रात्री गेल्या की पानं पिवळी पडतात, घड अडकतो.

अंदाज हातात आल्यावर

कडाक्याच्या रात्रीच्या आधीच्या दिवशीच माती ओली करून घ्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर पोचवते. विहीर-बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, त्यामुळे वीज असेल तर पहाटेचं पाणीही उपयोगी पडतं. बागेच्या उत्तर आणि पश्चिम बाजूला गवताचं किंवा शेडनेटचं कुंपण पहिल्या, वाऱ्याच्या रात्री कामाला येतं. दुसऱ्या-तिसऱ्या शांत रात्री त्याचा उपयोग थोडा, आणि उताराच्या खालच्या बाजूला कुंपण सलग असेल तर ते गार हवा बागेतच अडवतं. तिथे खाली वाट मोकळी ठेवा.

धुराबद्दल स्पष्ट सांगायला हवं: धूर स्वतः पांघरुणासारखं काम फारसं करत नाही, काम करते ती आगीची उष्णता आणि तिने ढवळलेली हवा. म्हणून एक मोठा जाळ करू नका, तो उलटा थर फोडून उष्णता वर घेऊन जातो. बागेत ठिकठिकाणी लहान, मंद शेकोट्या पेटवा. वेळ पहाटे तीनपासून सूर्य वर येईपर्यंतची, कारण सर्वात कमी तापमान मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्या वेळाने, म्हणजे सातच्या आसपास असतं.

हवामान आधारित पीक विमा घेतला असेल तर भरपाई ठरते ती संदर्भ केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या तापमापकावर नाही. तरीही स्वतःची तारीखवार वही ठेवा. केंद्राचा आकडा शेजारच्या मंडळांपेक्षा सतत वेगळा येत असेल तर तक्रार करताना तीच हाताशी लागते.

थंडी ओसरणार हे दुपारच्या तापमानावरून उशिरा कळतं, दवबिंदूवरून आधी. तो एका दिवसात चार-पाच अंशांनी चढला, पवनचक्क्यांची तोंडं पूर्वेकडे-आग्नेयेकडे वळली आणि पश्चिमेकडून पिंजलेले ढग डोकावले, की त्या रात्रीचं किमान तीन-चार अंशांनी वर धरा. त्याच वेळी बुलेटिन उघडून नव्या द्रोणीचा अक्षांश तपासा. तो पुन्हा २०-२२ असेल आणि अरबी समुद्रावरून बाष्पही येत असेल, तर आधी पाऊस-गारांचा इशारा पाहा. काढलेला कांदा, कापूस झाकून ठेवा आणि शून्य दिवसाची मोजणी नव्याने सुरू करा.